सोरायसिससाठी पूरक उपचार: कोणते, कोणत्या क्रमाने आणि कुठे सावध राहायचं

सोरायसिसचं निदान झालं की औषधाची चिठ्ठी घरी पोहोचायच्या आत सल्ले सुरू होतात. कुणी तेल सांगतं, कुणी काढा, कुणी अमुक पदार्थ कायमचा सोडायला सांगतं. सांगणाऱ्या प्रत्येकाकडे त्या उपायाने बरा झालेला एक माणूस असतो, आणि तो बहुधा खराही असतो. सोरायसिस हा त्वचेवर चट्टे आणणारा, मुळात चढ-उताराचा आजार आहे. काही महिने तो उफाळतो, काही महिने आपला आपण निवतो. माणूस नवा उपाय करायला घेतो तो नेमका त्रास टोकाला गेल्यावर, म्हणजे उतार तसाही जवळ आलेला असताना. श्रेय मात्र त्या आठवड्यात हाताशी आलेल्या बाटलीला मिळतं.

कोरफडीचंच बघा. 1996 साली छापून आलेल्या एका चाचणीत कोरफडीच्या अर्काचं मलम लावणाऱ्या 30 जणांपैकी 25 जणांचे चट्टे गेले, आणि अर्क नसलेलं तसंच मलम लावणाऱ्या 30 पैकी फक्त दोघांचे. एवढ्यावर कुणीही कोरफड लावायला घेईल. पण 2005 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी एकाच माणसाच्या एका बाजूला कोरफडीची जेल आणि दुसऱ्या बाजूला दिसायला तशीच नकली जेल लावून पाहिली. दोन्ही बाजू सुधारल्या, आणि नकली जेलची बाजू किंचित जास्तच. नुसता ओलावा, नियमित काळजी आणि निघून गेलेला वेळ यांनी काय साधतं ते त्यात दिसलं.

म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या. पहिल्या दोन ओलांडून थेट वनस्पतींकडे जाण्याचा मोह होईल, तो आवरा.

1. निदान पक्कं करा आणि चालू औषध सोडू नका

सोरायसिसमध्ये रोगप्रतिकार यंत्रणा विनाकारण चेतते आणि त्वचेच्या पेशींना घाई लागते. एरवी पेशी तयार होऊन वर येऊन गळायला चारेक आठवडे लागतात, इथे तो प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. न पिकलेल्या पेशींचे थर साचतात, तेच पांढरे-चंदेरी पापुद्रे. आजार संसर्गजन्य नाही आणि 'रक्त अशुद्ध झाल्यामुळे' तर अजिबात होत नाही, त्यामुळे रक्त शुद्ध करण्याच्या नावावर मिळणाऱ्या औषधांचा हिशोब पहिल्या पायरीवरच संपतो.

बुरशीचा संसर्ग, इसब आणि सोरायसिस वरवर सारखे दिसू शकतात. चट्टा बुरशीचा असेल तर तुमच्या सगळ्या प्रयोगांवर पाणी पडेल. त्वचारोगतज्ज्ञाकडून एकदा नीट खात्री करून घ्या. त्याच भेटीत सांध्यांचंही बोला. सोरायसिस असलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सांध्यांचा त्रास होऊ शकतो. सकाळी अर्धा तास किंवा जास्त आखडलेपण, एखादं बोट अख्खं सुजणं, टाच दुखणं, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, यातलं काहीही असेल तर सांगा. झिजलेला सांधा कोणत्याही लेपाने परत मिळत नाही आणि तिथे वेळ घालवणं फार महागात पडतं.

चालू औषध मनाने बंद करणं ही पूरक उपचारांच्या वाटेवरची सगळ्यात मोठी चूक. विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं एकदम थांबली तर आजार पूर्वीपेक्षा भयंकर रूपात उलटू शकतो. अंगभर पू भरलेले बारीक फोड येतात किंवा सगळी त्वचा लालभडक होऊन सोलवटते. नवा उपाय जुन्याच्या जोडीला येऊ द्या. गुण आला तर जुनं कमी करायचं की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

2. मोजमाप आधी, उपाय नंतर

कंटाळवाणं काम आहे, पण पुढची फसवणूक इथेच टळते. आज, काहीही नवं सुरू करण्याआधी, चट्ट्यांचे फोटो काढा. जागा तीच, उजेड तोच, अंतर तेच. चट्टे किती पसरलेत याचा अंदाज तळहाताने घ्या: बोटांसकट आपला एक तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा साधारण 1 टक्का. खाज 0 ते 10 मध्ये किती आणि झोप कशी लागली, हे रोज एका ओळीत लिहा. घसा दुखला, ताण वाढला, नवं औषध सुरू झालं तर तेही. घशाच्या जंतुसंसर्गानंतर, आणि लिथियम (मनोविकारांवरचं औषध), बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाची औषधं) किंवा मलेरियाच्या काही औषधांमुळे सोरायसिस उफाळू शकतो. नोंद नसेल तर याचा दोष बिचाऱ्या तेलाच्या माथी जातो.

एका वेळी एकच बदल. तोही निदान 8 ते 12 आठवडे. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या तर सुधारणा कशाने झाली आणि पुरळ कशाने आलं, हे कधीच कळणार नाही.

लावायच्या कोणत्याही गोष्टीसाठी डेन्मार्कच्या संशोधकांची युक्ती घरी वापरता येते. दोन्ही कोपरांवर किंवा दोन्ही गुडघ्यांवर सारखे चट्टे असतील तर एका बाजूला नवं काही, दुसऱ्या बाजूला नेहमीचं साधं मलम. महिन्या-दीड महिन्याने फोटो शेजारी शेजारी ठेवा. मला तर शंभर अनुभवकथनांपेक्षा हे दोन फोटो जास्त विश्वासाचे वाटतात.

त्याआधी चाचणी निरोगी त्वचेवर. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून तीन-चार दिवस पाहा. सोरायसिसमध्ये याला जास्तच महत्त्व आहे. जिथे खरचटतं, भाजतं, चिडतं तिथे नवा चट्टा उगवू शकतो. हाइनरिश कोबनर या जर्मन डॉक्टरांनी 1870 च्या दशकात हे नोंदवलं, म्हणून त्याला कोबनर परिणाम म्हणतात. झोंबतंय म्हणजे काम करतंय, हा समज इथे उलटा पडतो.

3. पाणी, मीठ आणि ओलावा

सगळ्या पूरक उपायांमध्ये हा सगळ्यात साधा, आणि माझ्या मते सर्वाधिक लोकांना उपयोगी पडणारा. त्यात गूढ काही नाही, म्हणून कुणी त्याचं नाव घेत नाही.

पाणी कोमट हवं. गरम पाण्याने खाजेवर क्षणभर बरं वाटतं आणि तासाभरात त्वचा आणखी कोरडी पडते. 10 ते 15 मिनिटं भिजा. पाण्यात मृत समुद्राचं मीठ, एप्सम सॉल्ट किंवा दळलेलं ओट घातलं तर पापुद्रे सुटायला आणि खाज कमी व्हायला मदत होते. भेगा पडल्या असतील तर मीठ झोंबेल, तेव्हा ओट बरं. मग टॉवेलने टिपा, घासू नका, आणि त्वचा ओलसर असतानाच, पहिल्या दोन-तीन मिनिटांत, जाड मलम लावा. सुवास नसलेलं, साधं पेट्रोलियम जेलीच्या जातीचं मलम पुरतं. दिवसातून दोनदा तरी लावा, आणि चट्टे नसलेल्या दिवसांतही सोडू नका.

पापुद्रे नखाने किंवा खरखरीत दगडाने काढू नका. जाड थर असेल तर रात्री तेल किंवा मलम लावून ठेवा, सकाळी मऊ झालेलं निघेल तेवढंच काढा. सॅलिसिलिक आम्लाचं मलम थर सैल करतं, पण लहान मुलांना किंवा अंगाच्या मोठ्या भागावर ते विचारल्याशिवाय लावू नये.

एक इशारा सहसा कुणी देत नाही. मलम कपड्यांत आणि चादरीत मुरलं की कापड फार चटकन पेट घेतं, आणि धुतल्याने ते पूर्ण निघतही नाही. मलम लावलेल्या अंगाने शेगडी, मेणबत्ती किंवा सिगारेटजवळ जाऊ नका.

डोक्यातल्या खाजेसाठी सफरचंदाचं व्हिनेगर बरेच जण वापरतात. समान पाणी घालून, आठवड्यातून काही वेळा, थोड्याच वेळात धुऊन टाकायचं. टाळू खाजवून फुटली असेल तर नको, आग होईल. टी ट्री तेलाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्याची ॲलर्जी बऱ्याच जणांना होते आणि फायद्याचा पुरावा तुटपुंजा आहे.

4. ऊन आणि प्रकाश

उन्हाने सोरायसिसला उतार पडतो, हे फार जुनं निरीक्षण आहे. मृत समुद्राच्या काठी लोक त्यासाठी तीन-चार आठवडे मुक्कामाला जातात. ती जागा समुद्रसपाटीपासून 400 मीटरहून जास्त खाली आहे. हवेचा जादा थर आणि वरचं बाष्प यांतून गाळून येणाऱ्या उन्हात त्वचा भाजणारे किरण कमी होतात, त्यामुळे जास्त वेळ बसता येतं. पाणी नेहमीच्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारट. गुण बऱ्याच जणांना येतो, काही महिने टिकतो, मग आजार परततो.

घरी करायचं तर अगदी थोड्यापासून: कोवळं किंवा कलतं ऊन, सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, फक्त चट्ट्यांवर. बाकीच्या त्वचेला सनस्क्रीन. त्वचा लाल झाली की तुम्ही मर्यादा ओलांडलीत, आणि भाजलेल्या जागी नवा चट्टा येऊ शकतो. थोड्या लोकांना उन्हाने उलट त्रास वाढतो, तसं दिसलं तर ही पायरी सोडून द्या. दवाखान्यातला 311 नॅनोमीटरचा यूव्हीबी (अतिनील प्रकाशाचा एक प्रकार) प्रकाश हे याच उन्हाचं मोजून-मापून दिलेलं रूप आहे. आठवड्यातून दोन-तीनदा जाणं जमत असेल तर उन्हात अंदाजपंचे बसण्यापेक्षा त्याबद्दल विचारा. टॅनिंगच्या दुकानातली यंत्रं हा त्याला पर्याय नाही.

इथेच बावचीचं बोलायला हवं. बावची ही त्वचारोगांसाठी वापरली जाणारी वनस्पती, आणि तिच्या बियांत सोरालेन असतं. ते त्वचेला प्रकाशासाठी अतिसंवेदनशील करतं. सोरालेन आणि यूव्हीए (अतिनीलचाच दुसरा प्रकार) प्रकाश यांची जोडी 1974 पासून 'पुवा' या नावाने रुग्णालयांत वापरली गेली, म्हणजे मूळ कल्पना पक्की आहे. पण तिथे मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि प्रकाश यंत्राने. बावचीचं तेल लावून उन्हात बसलात तर दोन्हीपैकी एकही हातात नसतं. अंगावर टरारून फोड आलेले लोक त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी भेटतात.

5. लावायच्या वनस्पती

कोरफडीचं वर झालंच. ओलाव्यासाठी लावायला हरकत नाही, अपेक्षा तेवढीच ठेवा.

या यादीत मला सर्वांत दमदार वाटते ती निळीच्या झाडापासून काढलेली भुकटी, इंडिगो नॅचुरालिस. चिनी वैद्यकात ती जुनी आहे. तैवानमध्ये 2008 साली 42 जणांवरच्या चाचणीत तिच्या मलमाची बाजू नुसत्या मलमाच्या बाजूपेक्षा ठळकपणे सुधारली. अडचण रंगाची: कपडे, चादर, त्वचा, सगळं निळं. शुद्ध केलेल्या अर्काचे प्रकार आता आलेत, ते कमी डागाळतात. पण ही भुकटी पोटात घेऊ नका. तशा वापरात यकृताच्या तक्रारी आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

महोनिया या झुडपाच्या सालीच्या अर्काचं 10 टक्क्यांचं मलम सौम्य सोरायसिसमध्ये थोडाफार गुण देतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम खाज कमी करू शकतं, पण आधी चांगलंच जाळतं. कडुनिंब, हळद यांच्या लेपांवर भक्कम चाचण्या नाहीत. हळदीची ॲलर्जी काहींना होते, बाकी पिवळं होण्यापलीकडे फारसं नुकसान नाही.

डांबर हा उपाय लोक पर्यायी समजतात, पण तो दवाखान्यातलाच. विल्यम गोकरमन यांनी 1925 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात कोळशाचं डांबर आणि अतिनील प्रकाश यांची सांगड घातली, आणि ती पद्धत आजही काही ठिकाणी चालते. वास येतो, डाग पडतात, टाळूसाठीचा डांबराचा शाम्पू मात्र सहज वापरता येतो.

6. पोटात जाणारं

इथे सल्ल्यांचा पूर येतो, आणि पुरावा नेमका सगळ्यात नावडत्या सल्ल्यामागे उभा आहे: वजन जास्त असेल तर कमी करा. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या 2018 च्या आहारविषयक शिफारशींत हाच सल्ला ठामपणे दिलेला आहे. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी रसायनं सोडतात. वजन उतरलं की चट्टे कमी होतातच, शिवाय औषधंही जास्त लागू पडतात. दारू आणि धूम्रपान यांचं नातंही स्पष्ट आहे. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसचं औषध घेत असाल तर दारू आणि ते औषध दोन्ही एकाच यकृतावर भार टाकतात.

गव्हातलं ग्लुटेन सगळ्यांनी सोडायची गरज नाही. सीलिॲक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा) असेल किंवा रक्ततपासणीत ग्लुटेनविरोधी प्रतिपिंडं सापडली तरच त्याचा उपयोग. तपासणी ग्लुटेन सोडण्याच्या आधी करा, नंतर ती खोटी नकारात्मक येऊ शकते. भाज्या, फळं, डाळी, मासे आणि ऑलिव्ह तेल असलेला भूमध्य सागरी पद्धतीचा आहार घेणाऱ्यांत आजार सौम्य आढळतो. एवढ्याने कारण सिद्ध होत नाही, पण हृदयासाठी तो चांगलाच आहे आणि सोरायसिसमध्ये हृदयविकाराचा धोका थोडा वाढलेला असतो. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचे निकाल उलटसुलट आहेत. ड जीवनसत्त्वाची गंमत अशी की त्याच्या भावंडाचं, कॅल्सिपोट्रिऑलचं मलम हे सोरायसिसचं नेहमीचं औषध आहे, पण कमतरता नसताना गोळ्या घेऊन त्वचा सुधारल्याचं ठरलेलं नाही. जास्त मात्रेने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, म्हणून आधी तपासा.

काढे आणि 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' गोळ्यांबद्दल मी कठोर आहे. सोरायसिसमध्ये प्रतिकार यंत्रणा आधीच नको तेवढी जागी असते. तिला आणखी डिवचून काय मिळवायचं? गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याची, विशेषतः आधीच स्वयंप्रतिकार आजाराकडे कल असलेल्यांमध्ये, उदाहरणं प्रसिद्ध झालेली आहेत. अश्वगंधा आणि हळदीच्या दाट अर्काच्या गोळ्यांबाबतही यकृताच्या तक्रारी नोंदल्या गेल्यात. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी त्याचा असर घालवते आणि ग्रेपफ्रूट त्याची रक्तातली पातळी वाढवतं. गरोदरपणात, स्तनपान करताना किंवा मुलाचं नियोजन चालू असताना पोटात घ्यायचं कोणतंही नवं औषध, मग ते वनस्पतीचं का असेना, विचारल्याशिवाय घेऊ नका.

7. मन आणि झोप

ताणाने सोरायसिस उफाळतो, आणि उफाळला की ताण वाढतो. 1998 मध्ये ध्यानाचे अमेरिकन संशोधक जॉन कबाट-झिन आणि सहकाऱ्यांनी प्रकाशोपचार घेणाऱ्या 37 जणांपैकी काहींना उपचाराच्या पेटीत उभं असताना ध्यानाच्या ध्वनिफिती ऐकवल्या. त्यांची त्वचा बाकीच्यांपेक्षा लवकर साफ झाली. चाचणी लहान आहे, पण या उपायाला दुष्परिणाम नाहीत आणि तो कोणत्याही औषधाशी भांडत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटं श्वासावर लक्ष, प्राणायाम, योगासनं, जे टिकेल ते. आसनांत गुडघे-कोपर जमिनीवर घासले जाणार नाहीत एवढं बघा.

उदासी गडद असेल, लोकांत जाणं बंद झालं असेल, तर ध्यानावर भागवू नका. सोरायसिससोबत नैराश्य बऱ्याचदा येतं, आणि त्यावर स्वतंत्र उपचार आहेत.

8. वैद्य, होमिओपॅथ, ॲक्युपंक्चर

या पद्धतींकडे जायचंच असेल तर नोंदणीकृत चिकित्सकाकडे जा आणि चालू औषधांची यादी पुढे ठेवा. होमिओपॅथीने सोरायसिस बरा होतो याचा विश्वासार्ह पुरावा नाही. तिथे 'आधी वाढेल, मग बरं होईल' असं सांगून महिनोन्महिने थांबवून ठेवतात, हा मुख्य तोटा. ॲक्युपंक्चरचा पुरावा कमकुवत, आणि सुई टोचल्या जागी कोबनर परिणाम होऊ शकतो. पंचकर्मातल्या तेलाच्या मालिशीने आणि तक्रधारेने (ताकाची धार सोडणं) अनेकांना आराम वाटतो, पण वमन-विरेचनासारख्या (उलटी आणि जुलाब करवणाऱ्या) क्रिया मूत्रपिंड, हृदय किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्यांना झेपतीलच असं नाही. पापुद्रे खाणाऱ्या माशांचे टब दिसायला मजेशीर असतात, मात्र एकाचं पाणी दुसऱ्याला, आणि तुमच्या त्वचेला भेगा. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध किंवा बायॉलॉजिक इंजेक्शन (प्रतिकार यंत्रणेचा ठरावीक भाग रोखणारं) चालू असेल तर तिकडे फिरकूही नका.

बिननावाच्या पुडीवर आणि मलमावर खास नजर ठेवा. 2004 मध्ये बोस्टन परिसरात विकली जाणारी 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. त्याआधी 1999 मध्ये ब्रिटनमध्ये त्वचेसाठीच्या 11 चिनी वनौषधी मलमांपैकी 8 मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं होतं. त्यामुळे 'पूर्ण नैसर्गिक' मलमाने चार दिवसांत चट्टा सपाट झाला तर आनंदाऐवजी संशय येऊ द्या. वनस्पती इतक्या घाईने काम करत नाहीत. सगळे घटक छापलेले नाहीत, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि बॅच क्रमांक नाही, 'मुळापासून बरा' अशी हमी आहे, यातलं एक जरी असेल तरी ते परत ठेवा. आधीपासून वापरत असाल तर एकदम न थांबवता ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा.

9. थांबायचं कधी

12 आठवड्यांनी फोटो आणि वही उघडा. तळहाताचं माप, खाजेचा आकडा आणि झोप, यातलं काहीच हललं नसेल तर तो उपाय बंद. थोडं हललं असेल तर तो आणखी 12 आठवडे चालू ठेवा, तेवढ्यात दुसरं काही जोडू नका. पोटातलं काही घेत असाल तर यकृत आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा, आणि त्यांना नक्की काय घेता ते सांगा. ओरडतील म्हणून लपवणारे बरेच असतात.

काही लक्षणांत मात्र 12 आठवडे काय, 12 तासही थांबायचं नाही. बहुतेक अंग लाल होऊन सोलवटणं, थंडी वाजून ताप, पू भरलेले फोड एकदम उठणं, चट्ट्यातून पू येऊन आजूबाजूची त्वचा गरम होणं, डोळे पिवळे दिसणं किंवा लघवी गडद होणं. अशा वेळी प्रयोगातलं सगळं लावणं-पिणं थांबवा, वापरलेल्या प्रत्येक वस्तूची बाटली किंवा ट्यूब पिशवीत घाला आणि थेट रुग्णालय गाठा. आत काय होतं हे तिथल्या डॉक्टरांना वेष्टनावरून कळेल, आणि वेष्टनावर नसेल तर ते तपासायला पाठवता येईल.